हेमॅटाइटचे कण कधी गोल, कधी लांबट का येतात?

आकार सुधारायला सरफॅक्टंट (कणांच्या पृष्ठाला चिकटणारं साबणासारखं रसायन) घालायचा विचार आधी बाजूला ठेवा. फेरिक क्लोराइडचं द्रावण ओव्हनमध्ये तापवून हेमॅटाइट (लाल लोह ऑक्साइड) करताना एका बॅचला गोलसर कण येतात, पुढच्या बॅचला लांबट, आणि गाईड म्हणतात तुमच्या हाताला शिस्त नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचलं म्हणून लिहायला बसले.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं हेच झालं. 0.02 मोलर द्रावण, 100 अंश, सगळं तेच. तरी मधूनच एखादी बॅच चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या कणांची. गाईड सगळ्यांदेखत म्हणाले, तुला वजन नीट करता येत नाही. दीड महिना मी तराजू आणि थर्मामीटर तपासत होते. मग काचसामानावर नंबर घालून कुठल्या बॅचला काय वापरलं ते वहीत लिहायला लागले. एक सिनियर 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये 0.1 मोलर फॉस्फेट बफर करायचा आणि रिकामा करून न धुता उपडा ठेवायचा. व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आतून ओला असला तरी चालतो, म्हणून मी तसाच घेत होते. काचेला चिकटलेला अर्धा मिली बफर म्हणजे माझ्या द्रावणात 0.0005 मोलर फॉस्फेट. तेवढं पुरतं! फॉस्फेट कणाच्या कडेच्या पृष्ठांना चिकटतं, तिथली वाढ रोखतं, मग कण लांबीतच वाढतो. ओझाकी, क्राटोहविल आणि मातियेविच यांनी 1984 मध्येच हे छापलंय. (सल्फेटही आकार बदलतं: सुगिमोटोंच्या जेल-सोल पद्धतीत, म्हणजे घट्ट जेलमधून कण वाढवताना, ते घातलं की भुईमुगाच्या शेंगेसारखे कण येतात.) मी मुद्दाम फॉस्फेट घालून चात्या करून दाखवल्या. गाईडनी शब्द मागे घेतले नाहीत.

म्हणून माझं मत ठाम आहे: आकार बिघडला की हाताला नंतर, फॉस्फेट, सल्फेटसारख्या ऋण आयनांना आधी धरा.

आकारमानाचं गणित वेगळं. सुरुवातीला केंद्रकं (ज्यांच्यावर कण वाढतो ते पहिले सूक्ष्म बीजकण) जितकी जास्त, तितकं लोह वाटलं जाऊन कण बारीक. केंद्रकं एकदाच बनू द्या, वाढ चालू असताना नवी बनायला नकोत. तयार सीड, म्हणजे आधीच केलेले बारीक कण, मोजून घातलं तर हे सगळ्यात सोपं जातं.

एक राहिलं. द्रावण 0.1 मोलरच्या पुढे असेल आणि लांबट कण पिवळट तपकिरी दिसत असतील, तर ते हेमॅटाइट नसून अकागानाइट (क्लोराइड धरून ठेवणारं वेगळं लोहखनिज) असू शकतं; एक्सआरडी, म्हणजे स्फटिकरचना ओळखणारी क्ष-किरण चाचणी, करून घ्या. आणि अमोनिया ओतून मॅग्नेटाइट (काळं, चुंबकीय लोह ऑक्साइड) करणाऱ्यांनी यातलं काही जसंच्या तसं उचलू नये, तिथे ओतण्याचा वेग आणि ढवळणं खरंच महत्त्वाचं असतं.

एकाच दिवशी दोन बॅच लावा, एक कोऱ्या काचसामानात, एक नेहमीच्या. दोन्हींचे एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो गाईडसमोर शेजारी शेजारी ठेवा, आणि तेही मीटिंगमध्ये, सगळ्यांदेखत.