दुसऱ्याचा फोटो टाकताना खाली 'साभार' लिहिलं की पुरतं का?

नाही पुरत. 'साभार: इंटरनेट' म्हणजे कुणाचंच नाव न घेणं. ज्याने पहाटे उठून तो फोटो काढला, त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. त्याचं हँडल '@' लावून लिहा, म्हणजे त्याला नोटिफिकेशन जातं आणि वाचणाऱ्याला एका टॅपमध्ये मूळ खातं सापडतं. तेही कॅप्शनच्या पहिल्या ओळीत. हॅशटॅगांच्या ढिगाखाली दडलेलं नाव कोण बघतं? इन्स्टाग्रामवर मी फोटोवर टॅगही करतो.

आणि श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. कॉपीराइट सहसा फोटो काढणाऱ्याकडेच असतो, तेव्हा आधी मेसेज करून विचारा. मूळ फोटो कुणाचा ते कळत नसेल तर गूगल लेन्सवर शोधा. तरीही नाही सापडलं, तर तो टाकूच नका.