शेजारशेजारच्या दोन विहिरी. एकीला मे महिन्यातही पाणी, दुसरी कोरडीठाक. असं का होतं?

तुमची सासरवाडी बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडची. सासऱ्यांची विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते आणि बांधापलीकडच्या भावकीची मोटर मे महिन्यातही चालते. सासरे म्हणतात नशीब, मेहुणा म्हणतो बोअर अजून खोल घेऊ. जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात का, असं तुम्ही विचारलंय.

आपल्याकडच्या दगडात तरी नाही वाहत. मी केज तालुक्यातला. भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, पण घरची विहीर फोडताना यारीवर, म्हणजे खालचा दगड वर ओढणाऱ्या यंत्रावर, तीन महिने काढलेत. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो, त्यामागचं कारण नंतर वाचलं.

वर चार फूट काळी. तिच्याखाली मुरूम, टिकावानं निघणारा. मग मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा दगड. काही छिद्रांत पांढऱ्या गारा बसलेल्या, त्या धाकटा भाऊ खिळ्यानं उकरून खिशात भरायचा. बावीस फुटांवर विटेसारखा लाल पट्टा लागला, जेमतेम हातभर जाडीचा. त्याखाली काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न हलणारा. पाणी आलं ते तळातून नाही, त्या लाल पट्ट्याच्या डोक्यावरून, घाम फुटल्यासारखं. तरी अण्णांच्या हट्टापायी पाषाणात आणखी सोळा फूट गेलो. पैसे गेले, थेंब वाढला नाही. ती सोळा फूट आता नुसती टाकी आहे.

आपला हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो एका दमात आला नाही, थरावर थर साचत गेले. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून मांजऱ्या झाला, पोटातला भाग सावकाश निवून पाषाण झाला. दोन थरांच्या मध्ये जो काळ गेला त्यात वरच्या दगडाची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. तोच तो लाल पट्टा. तो इतका घट्ट की पाणी त्यातून सहजी खाली उतरत नाही, मग ते उताराच्या अंगानं आडवं सरकतं. हे थर कुठं जाड, कुठं पातळ, कुठं चिरलेले. भावकीच्या विहिरीत मुरूम-मांजऱ्या पंचवीस फूट असेल आणि सासऱ्यांच्या विहिरीत सहाच फूट, तर दोनशे फुटांच्या अंतरातही एवढा फरक पडतो. पाणी कुठं लागेल ते सांगणाऱ्या पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहो नाहीतर आडवा पडो, त्याला ही जाडी कळत नाही. (आमच्याकडं उभा राहिला होता.)

हेच थर उघड्यावर बघायचे तर सौताड्याच्या धबधब्याला जा, तुम्हाला जवळच आहे. विंचरणा नदी तिथं दरीत उडी घेते. वरचा पाषाण तग धरतो, खालचा मऊ थर सततच्या ओलीनं आणि तुषारांनी पोखरला जातो, मग एक दिवस आधार सुटलेला वरचा कडा कोसळतो. धबधबा असा मागं मागं सरकतो आणि दरी लांबत जाते. बालाघाटाचे डोंगर लांबून पायऱ्या-पायऱ्यांचे आणि वर सपाट दिसतात तेही यामुळंच: उभा कडा म्हणजे पाषाण, उतरता भाग म्हणजे मांजऱ्या. एकाच पठारावरचा पाऊस, एका अंगाला पडला तर विंचरणा, सीना, भीमा करत कृष्णेला जातो. दुसऱ्या अंगाला पडला तर मांजरेतून गोदावरीला. आमच्या वाट्याला काय राहतं ते विचारू नका.

आता काळ्या रानाचं. लोकांना वाटतं भारी जमीन म्हणजे पाणी मुरतं. उलट आहे. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस त्यातून सरळ खाली जातो. पण माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि नंतरचा पाऊस गढूळ होऊन ओढ्याला लागतो. विहिरींना खरं पाणी पाजतं ते वरच्या अंगाचं हलकं, मुरमाड माळरान. माळ फोडून मुरूम रस्त्याला विकला की खालच्या विहिरी का आटतात, याचं उत्तर त्यात आलं. ओढा खोल करतानाही मुरूम संपून पाषाण लागला की थांबायला पाहिजे, पण जेसीबीला कोण थांबवणार.

मेहुण्यांना सांगा, पाषाणात सहाशे-सातशे फूट जाणं म्हणजे लॉटरी आहे. एखादी चीर सापडली तर सापडली. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकातली. तिच्यात पाणी आडव्या भुयारांनी येतं आणि उतारानंच पुढं रानात जातं. त्या काळच्या माणसांनी ओळखलं होतं की पाणी इथं आडवं चालतं.

मे महिन्यात सासऱ्यांच्या विहिरीत उतरून कडा बघा. जिथं शेवाळ, एखादं नेच्याचं रोप किंवा क्षाराचा पांढरा ओघळ दिसेल तो तुमचा थर. त्याच उंचीवर आडवे बोअर मारून बघा, खर्च उभ्या बोअरच्या मानानं कमी. आम्ही लाल पट्ट्याच्या वर चारी दिशांना मारले. तीन कोरडे गेले. चौथ्यातून, माळाकडच्या, दिवाळीपर्यंत मनगटाएवढी धार असते, पुढं करंगळीएवढी.