आधी काय ठरलं होतं?

प्रश्न : ॲटोर्व्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने हार्ट ॲटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी होतो, असं वाचलं. म्हणजे शंभरातले ३६ जण वाचतात का?

उत्तर : नाही. हा आकडा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्कॉट' चाचणीतला. रक्तदाबाच्या दहा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, म्हणजे प्लासिबो. सुमारे सव्वातीन वर्षांत प्लासिबो गटात हजारी ३० जणांना झटका आला किंवा ते हृदयविकाराने गेले; औषधाच्या गटात १९ जण. तिसाचे एकोणीस झाले, ती ही ३६ टक्के घट. हजारात अकरा जण वाचले, हेही थोडं नाही. पण जाहिरातीत ठळक छापतात ते ३६! तुम्ही घेत असाल तर गोळी मनाने बंद करू नका. तुमचा मूळ धोका किती, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : तज्ज्ञांनी तपासूनच चाचण्यांचे निबंध छापतात ना? मग लपवाछपवी होते कशी?

उत्तर : तपासणाऱ्यांपुढे निबंध असतो, रुग्णांच्या मूळ नोंदी सहसा नसतात. नैराश्य असलेल्या २७५ किशोरवयीन मुलांवर पॅरोक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाची 'स्टडी ३२९' ही चाचणी झाली. २००१ सालचा निबंध म्हणतो, औषध गुणकारी आहे आणि मुलांना सोसतं. प्रत्यक्षात आधी ठरवलेल्या एकाही मोजमापात ते प्लासिबोपेक्षा ठोस सरस ठरलं नव्हतं. मागाहून निवडलेली मोजमापं पुढे केली गेली. पेपर लिहून झाल्यावर प्रश्नच बदलून घ्यावेत, तसं. त्याहून वाईट म्हणजे आत्महत्येच्या विचारांच्या, प्रयत्नांच्या नोंदी 'भावनिक अस्थिरता' अशा गोंडस नावाखाली गेल्या. २०१५ साली स्वतंत्र संशोधकांनी मूळ नोंदी चाळून निबंध नव्याने लिहिला. निष्कर्ष उलटा निघाला.

प्रश्न : 'रँडमाइज्ड' लिहिलंय, एवढं पुरे?

उत्तर : नाही. रँडमाइज्ड म्हणजे कुणाला औषध, कुणाला प्लासिबो हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं. तो क्रम कसा काढला आणि रुग्ण भरती करणाऱ्याला तो आधी कळत होता का, हेही लिहिलेलं हवं. सोमवारी औषध, मंगळवारी प्लासिबो, हे रँडम नव्हे.

प्रश्न : मी एम.डी. करतेय. निबंध 'कॉन्सॉर्ट'नुसार लिहिलेला असला की विश्वास ठेवावा का?

उत्तर : १९९६ पासूनची ही यादी चाचणीच्या निबंधात काय काय लिहावं ते सांगते, काम नीट झालं का, ते नाही. मी आधी रुग्णांचा फ्लोचार्ट बघतो : किती घेतले, किती गळाले, का. मग रजिस्ट्री, म्हणजे चाचण्यांची नोंदवही. आपली भारताची रजिस्ट्री, सीटीआरआय, २००७ साली सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. तिथला मुख्य निकष (औषध गुणकारी की नाही, हे ज्यावरून ठरणार ते मोजमाप) आणि निबंधातला मुख्य निकष शेजारी ठेवा. नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या भरतीनंतरची असेल, तर तो निकषही मागाहून लिहिलेला असू शकतो.