डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातलं जुनं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे मॉड्यूल, म्हणजे तयार साहस, पाचव्या आवृत्तीत खेळवायचं तर राक्षसांचे सगळे आकडे बदलावे लागतात का?

नाही. गॅरी गायगॅक्सच्या या मॉड्यूलमधले कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क, ओगर, मिनोटॉर हे सगळे पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे राक्षसांच्या पुस्तकात, आहेत. तिथूनच घ्या. जुना आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड हे सांगणारा आकडा) उलटा चालायचा, जितका कमी तितका चांगला. पण राक्षस नव्या पुस्तकातले घेतले की ती आकडेमोड करायचीच नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की जुन्या ओगरचे सरासरी 19 हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) असत, 2014च्या ओगरचे 59 आहेत. पहिल्या लेव्हलच्या पार्टीपुढे, म्हणजे खेळाडूंच्या गटापुढे, तो फार भारी पडतो, तेव्हा हिट पॉइंट बिनधास्त कमी करा.

खरं काम एक्सपीचं, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचं, आहे. 1981च्या बेसिक नियमांत गॉब्लिन मारून 5 एक्सपी मिळायचे आणि ओगर मारून 125. उलट, सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला 1. त्यामुळे शहाणी पार्टी लढाई टाळून खजिना लांबवायची. पाचव्या आवृत्तीत गॉब्लिनचे 50, ओगरचे 450, सोन्याचे शून्य. मग खेळाडू एकेक गुहा कापत सुटतात आणि मॉड्यूलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाया जाते. गॉब्लिनांच्या गुहेतून ओगरकडे जाणारं एक गुप्त दार आहे. संकट आलं की गॉब्लिन त्यातून 250 नाण्यांची थैली फेकतात आणि ओगर त्यांच्या बाजूनं लढायला येतो. आपण त्याला जास्त पैसे दिले तर? हा विचार खेळाडूंच्या डोक्यात यावा, यासाठीच तर हे मॉड्यूल खेळवायचं!

म्हणून सोन्याचे एक्सपी परत आणा आणि मारण्याचे काढून टाका. फायटरला (लढवय्या पात्राला) दुसऱ्या लेव्हलला तेव्हा 2,000 एक्सपी लागायचे, आता 300 पुरतात. त्यामुळे पाच नाण्यांना 1 एक्सपी हा दर मला योग्य वाटतो. टेबलावर बसल्या बसल्या हे खेळाडूंना स्पष्ट सांगा, लपवू नका.

त्याच्या जोडीला मोराल, म्हणजे राक्षसांच्या हिमतीचा आकडा, हवंच. जुन्या नियमांत गॉब्लिनचं मोराल 7. पहिला गडी पडला किंवा निम्मी टोळी गारद झाली की दोन सहापैलू फासे टाकायचे, 7च्या वर आलं तर ते पळतात किंवा शरण येतात. हा नियम जसाच्या तसा चालतो. डंजन मास्टर्स गाइडमधल्या पर्यायी विस्डम सेव्हपेक्षा (राक्षसाच्या शहाणपणावर टाकायच्या फाशापेक्षा) मला हाच आवडतो, कारण भित्रे आणि कडवे राक्षस वेगळे कळतात.

उरली विश्रांती. पाचव्या आवृत्तीत एका लाँग रेस्टमध्ये (रात्रभराच्या विश्रांतीत) सगळे हिट पॉइंट परत येतात, मग गुहांची भीती राहत नाही. लाँग रेस्ट फक्त कीपमध्ये, म्हणजे किल्ल्यात, परतल्यावरच द्या. गुहांच्या दरीत तंबू ठोकला तर शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती), आणि तेवढ्या वेळात गॉब्लिनांनी पहारा वाढवलेला असेल.