वाचवलेले दोन हजार मुद्दलात गेले का, ते आधी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. क्रेडिट कार्डावर ८०,००० थकलेत, दोन लाखांचं पर्सनल लोन १६ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलंय, घरात काटकसर करून गेले आठ महिने दर महिन्याला २,००० रुपये जास्तीचे लोनच्या खात्यात भरताय, आणि तरीही "शिल्लक हलतच नाही, आम्ही कुठे चुकतोय?" असं विचारलंय. हीच चूक मीही केली आहे आणि ती महागात पडली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. खर्च लिहून ठेवा, हॉटेलिंग कमी करा वगैरे सांगत नाही. दोघं मिळून २,००० बाजूला काढताय म्हणजे ते तुम्हाला येतं.

आधीच सांगतो, मी सीए नाही, बँकेत नाही, कुणाचा एजंटही नाही. दर आणि अटी प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असतात. खालचे आकडे तुमच्याच पोस्टवरून काढलेत; कार्डाचा दर तुम्ही दिला नाही, तो महिना साडेतीन टक्के धरलाय.

मला शंका आहे की तुमचे १६,००० मुद्दलात गेलेलेच नाहीत. लोनच्या खात्यात हप्त्यापेक्षा जास्त रक्कम नुसती ट्रान्सफर केली, तर बहुतेक ठिकाणी ती "ॲडव्हान्स ईएमआय" किंवा "एक्सेस अमाउंट" म्हणून पडून राहते. तिच्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि मुद्दल कमी होत नाही म्हणून तुमचं व्याजही घटत नाही. वर हप्ता नॅचने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप कापण्याच्या सोयीने, नेहमीसारखा कापला जातोच. माझ्या बाबतीत ज्या कंपनीचं लोन होतं तिच्या शाखेत "साहेब, जमा झालेत ना, मग झालं" एवढंच उत्तर मिळत राहिलं. जमा झाले होते, हे खरंच. कुठे जमा झाले, ते काउंटरवर कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. अजून आठवलं की डोकं तापतं, असो.

तपासायचं असं: ॲपवरचा "आउटस्टँडिंग" आकडा बघू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही. लोनचं पूर्ण स्टेटमेंट आणि आजच्या तारखेचा परतफेडीचा तक्ता, दोन्ही मागवा. तक्त्यात "प्रिन्सिपल आउटस्टँडिंग" म्हणजे शिल्लक मुद्दल असा रकाना असतो. तुमचा हप्ता साधारण ५,६६८ रुपये असणार. बारा हप्ते झाले असतील तर काहीही जास्तीचं न भरता मुद्दल १,६१,२०० च्या आसपास यायला हवं. तुमचा आकडा मूळ तक्त्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळत असेल, तर तुमचे १६,००० बाजूला निजलेत.

मुद्दलात घालायचे तर त्याला "पार्ट पेमेंट" म्हणतात आणि त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. इथेच छोट्या बचतीची अडचण होते. बऱ्याच ठिकाणी पहिले सहा-बारा महिने पार्ट पेमेंट घेतच नाहीत, नंतरही किमान एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम लागते, आणि वर काही टक्के शुल्क अधिक १८ टक्के जीएसटी. पर्सनल लोन बहुधा ठरलेल्या दराचं असतं, त्यामुळे बदलत्या दराच्या कर्जांना मिळणारी शुल्कमाफी इथे मिळेलच असं धरू नका. मंजुरीपत्र काढा, त्यातलं पार्ट पेमेंटचं कलम शोधा.

अर्जात तीन गोष्टी सुट्या ओळींत लिहा: ही रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी, सुधारित तक्ता ईमेलने पाठवावा. मधली ओळ फार महत्त्वाची. तुम्ही काही लिहिलं नाही तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करतात, आणि आपल्याला बरं वाटतं. तुमच्याच आकड्यांवर बघा: १,६१,२०० शिल्लक असताना १६,००० मुद्दलात घातले आणि हप्ता ५,६६८ च ठेवला, तर साडेचार महिने आधी सुटाल आणि सुमारे ९,२०० रुपये व्याज वाचेल. मुदत तीच ठेवली तर हप्ता ५,१०५ होईल, पण वाचतील फक्त ४,२५० च्या आसपास. शुल्क यातून वजा करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. "ईमेल करून टाका" म्हणाले तर करा, पण पोहोचही घ्या. हप्त्याच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी जा, नाहीतर नॅच आधीच गेलेला असतो आणि सगळा हिशेब पुढच्या महिन्यात ढकलला जातो. आठ-दहा दिवसांत नवा तक्ता आला नाही तर लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. त्यासाठी वकील-एजंट लागत नाही.

एवढं सगळं सांगून आता उलटं बोलतो. तुमच्या जागी मी हे २,००० लोनमध्ये घातलेच नसते. आधी कार्ड.

कार्डाचा साडेतीन टक्के दर महिन्याचा आहे, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला ४.१३ टक्के. आपल्या भाषेत शेकडा चार. गावातल्या सावकाराने शेकडा चार मागितले तर आपण त्याला नावं ठेवतो, आणि तेच कार्ड पाकिटात घेऊन फिरतो! ८०,००० वर एका महिन्याचं व्याज २,८००, जीएसटी ५०४, एकूण ३,३०४. "मिनिमम ड्यू", म्हणजे किमान भरायची रक्कम, पाच टक्के धरून ४,००० भरले, तर कर्ज कमी झालं ६९६ रुपयांनी. तेच १६,००० कार्डात भरले असते तर दर महिन्याचे ६६१ रुपये तिथल्या तिथे थांबले असते, वर्षाला ७,९०० च्या पुढे. लोनमध्ये जे वाचवायला तीन वर्षं लागतात, ते इथे सव्वा वर्षाच्या आतच वाचतं, आणि पार्ट पेमेंटचं शुल्कही नाही.

शिवाय कार्डाला रक्कम केवढीही चालते. व्याज रोजच्या शिल्लकीवर लागतं, म्हणून देय तारखेची वाट बघू नका. ३०० वाचले, ३०० भरा. रोज भरत बसलात तर स्टेटमेंट वाचताना डोळे दुखतील, म्हणून आठवड्यातून एकदा. मिनिमम ड्यूएवढी रक्कम मात्र देय तारखेच्या आत पूर्ण व्हायलाच हवी, नाहीतर लेट फी. आणि ते कार्ड वापरणं आजपासून बंद. मागची थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज दूध घेतलं की आजपासून व्याज सुरू. खूप जण इकडे २,००० भरतात आणि तिकडे "पॉइंट मिळतात" म्हणून किराणा त्याच कार्डावर घेतात.

थकबाकी ईएमआयमध्ये बदलून घ्यावी का? दर निम्म्यावर येतो, म्हणून हो, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी धरून आधी हिशेब करा, आणि कार्डाची मोकळी झालेली मर्यादा लगेच कमी करून घ्या. घरात सोनं असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण मला त्याहून बरं वाटतं, दर १० टक्क्यांच्या आसपास असतो. फक्त व्याज दर महिन्याला भरा. "वर्षाने एकदम" वाल्या पर्यायात वर्षअखेरीस मुद्दल-व्याज एकत्र समोर येतं आणि दागिने लिलावाला लागतात. घरच्यांना न विचारता हे करू नका, हे सांगायला नको. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल विचारलंय, त्याला माझं उत्तर सरळ "नको" असंच आहे. आणि वसुलीवाला "सेटलमेंट करून टाका, अर्ध्यात मिटवू" म्हणाला तर लगेच हुरळू नका. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, खातं "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की ते आडवं येतं.

आता वाचवण्याबद्दल. डब्यात नोटा टाकता ते छान आहे, पण डबा दिवाळीला फुटतो. वाचलेली रक्कम दर रविवारी कार्डात गेलीच पाहिजे. छोट्या गोष्टींतही रोजच्या चहापेक्षा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांकडे आधी बघा: यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" उघडा, विसरलेली एखादी वर्गणी निघतेच. मोबाइलचं २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा नाही, तेरा वेळा मारावं लागतं. ८४ दिवसांच्या किंवा वार्षिक पॅकशी दिवसामागे दर लावून बघा. लोकलने जात असाल तर तीन मासिक पासांपेक्षा तिमाही पास स्वस्त पडतो. घरातल्या बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तरी सवयीने शेअर जीप पकडली जाते. आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं फोनमधून काढा. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी १९९ ची ऑर्डर पूर्ण करायला लावतात.

तुम्ही मित्रांचा गट करायचं म्हणताय, तो जरूर करा. चार-पाच जण पुरे. बचत गटांची पंचसूत्री असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तुमच्या गटात तिसरं सूत्र गाळा. एकमेकांना उसने द्यायला लागलात की दोन महिन्यांत गट आणि मैत्री दोन्ही बसतात. भिशीही सुरू करू नका, लिलावाची तर मुळीच नको. गरजू माणूसच सगळ्यात जास्त सूट देऊन ती उचलतो, आणि इथे सगळेच गरजू. रविवारी रात्री नऊला प्रत्येकाने एकच आकडा टाकायचा: कर्जाची आजची शिल्लक. "या आठवड्यात ५०० वाचवले" हा आकडा चालणार नाही, कारण वाचवलेले ५०० बुधवारी कुठे गेले ते कुणाला माहीत नसतं. आकडा वाढला असेल तरी टाकायचा, आणि त्यावर कुणी प्रवचन द्यायचं नाही. स्क्रीनशॉटवर खाते क्रमांक झाका.

अजून एक, विसरायच्या आत. कार्ड पूर्ण फेडाल त्या महिन्यात "शून्य झालं" म्हणून ॲप काढून टाकू नका. स्टेटमेंटच्या तारखेपासून पैसे भरेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं, पाच-सातशे किंवा जास्तही. ते राहिलं की त्यावर लेट फी, आणि सिबिलवर थकबाकीदार. पुढची दोन स्टेटमेंटं शून्याची आली की मगच कार्ड बंद करायचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसताना सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही तर त्यांनी तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. अर्जात तो नमूद केला की फोन लवकर येतो.

आधी तक्ता मागवा, आणि ते १६,००० कोणत्या रकान्यात निघाले ते इथेच लिहा. ॲडव्हान्समध्ये पडलेले असतील तर परत मागायचे की मुद्दलात वळवायचे, ते मंजुरीपत्रातलं कलम बघून ठरवू.