स्वसंमोहनात झोप लागते आणि तंबाखू सुटत नाही: माझा अनुभव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही रात्रपाळी करता, नऊ वर्षांपासून तंबाखू मळता आणि दोन महिन्यांपासून मोबाइलवर संमोहनाचे रेकॉर्डिंग ऐकता, मात्र पाचव्या मिनिटाला झोप लागते आणि उठल्यावर हात पुन्हा डबीकडेच जातो. आता पंधरा हजार रुपये भरून दोन दिवसांचे शिबिर करावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः बँकेत कॅशिअर होतो, बावीस वर्षे तंबाखू खाल्ली आणि ती सुटून आता अकरा वर्षे झाली. सुटण्यात स्वसंमोहनाचा वाटा होता, सगळे श्रेय मात्र त्याचे नव्हते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिबिराचे आधी सांगतो, कारण मीही एक केले होते. मंगल कार्यालयात खच्चून गर्दी होती. वक्त्याने एका तरुणाला दोन खुर्च्यांवर आडवे ठेवले, तो फळीसारखा ताठ राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खांदे आणि पोटऱ्या नीट टेकवल्या तर कोणताही धडधाकट माणूस संमोहनाशिवाय काही वेळ असा राहू शकतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. शेवटी आम्हा दहा-बारा जणांना डोळे मिटायला सांगून ‘तंबाखूचा वास आला की मळमळेल’ अशी सूचना देण्यात आली. चार दिवस खरोखरच मळमळले. पाचव्या दिवशी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर आकाशपाळण्याखाली एक जुना सहकारी भेटला, त्याने मळलेला तळहात पुढे केला, आणि माझी चिमूट कधी उचलली गेली हे मलाही समजले नाही. सूचना नाकाला दिली होती, सवय हाताला होती. हा एवढा हिशेब लक्षात यायला मला आणखी दोन वर्षे लागली.

दुसरी चूक अशी की संमोहनाची शक्ती त्या वक्त्याची आहे असे मी धरून चाललो होतो. हा समज फार जुना आहे, आणि तो खोडून काढणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक आपल्या शेजारचा आहे. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ एका आडव्या पडलेल्या स्त्रीवर हात पसरून उभ्या असलेल्या पाद्र्याचा पुतळा आहे. तो आबे फारिया यांचा. १७५६ साली गोव्यातल्या कांदोळी येथे जन्मलेल्या या माणसाने १८१३ मध्ये पॅरिसला जाहीर प्रयोग केले आणि सांगितले की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलाही चुंबकीय प्रवाह येत नसतो, जे घडते ते ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या स्वतःच्या मनात घडते. पुतळा पाहून मात्र नेमके उलटे वाटते, पण तो दोष शिल्पकाराच्या पदरात टाकू. पुढे जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने १८४३ च्या आपल्या पुस्तकात यासाठी ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. त्याचे मूळ झोपेच्या ग्रीक शब्दात आहे, आणि काही वर्षांतच ब्रेडला स्वतःलाच तो शब्द दिशाभूल करणारा वाटू लागला, कारण ही अवस्था झोपेची नसून एकाच कल्पनेवर लक्ष एकवटण्याची आहे, असे त्याचे मत झाले होते.

तेव्हा तुमच्या झोपेबद्दल. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी गादीवर आडवा होऊन, कानात संथ आवाज लावून डोळे मिटतो. त्याला झोप लागणारच, आणि ती त्याच्या हक्काची आहे. ती झोप घ्या. सराव उठल्यावर करा, जेवणाआधी, आणि सरळ पाठीच्या लाकडी खुर्चीवर बसून. खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून एक पंजा उभा ठेवा; डुलकी लागली की तो खाली पडतो आणि तुम्ही जागे होता. हा साधा उपाय मला फार उपयोगी पडला.

पद्धतीत गूढ काही नाही. डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर भिंतीवरचा एखादा ठिपका निवडा आणि पापण्या जड होईपर्यंत त्याकडे पाहा. डोळे मिटल्यावर कपाळ, जबडा, खांदे, हात अशा क्रमाने एकेक भाग सैल सोडा. तंबाखू खाणाऱ्याचा जबडा सर्वांत उशिरा सुटतो, तिथे घाई करू नका. मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर वीसपासून एकपर्यंत उलटे मोजा. आमच्या घरामागे तेव्हा यंत्रमाग चालत. त्या खटखटीवर मी सुरुवातीला फार चिडत असे, खिडकी लावून घेत असे, कानात कापूस घालत असे. नंतर मी आकडे त्या ठेक्यावरच मोजू लागलो, आणि माग बंद असलेल्या दिवशी उलट चुकल्यासारखे होऊ लागले. सूचना देऊन झाली की एक ते पाच मोजत, हातपाय ताणत बाहेर या आणि निदान पाच मिनिटे गाडीला किल्ली लावू नका. सगळे मिळून पंधरा मिनिटे पुरतात.

आता सूचनेचे वाक्य. नव्वद टक्के लोक इथे कमी वेळ देतात आणि बाकी सगळ्यावर भरपूर देतात, असे माझे निरीक्षण आहे. मी पहिले तीन आठवडे ‘मी तंबाखूमुक्त आहे’ असे घोकत होतो. हे भिंतीवरच्या सरकारी फलकाचे वाक्य आहे. ते वाचून कोणाच्याही हातातली डबी गळून पडल्याचे मी पाहिलेले नाही. मग तीन दिवस मी फक्त टिपण केले. असे दिसले की दुपारी रोकड जुळल्यावर, पुडी खिशातून निघण्याच्याही आधी, माझा डावा तळहात उघडतो आणि उजवा अंगठा त्यावर फिरू लागतो. म्हणून वाक्य असे केले: ‘डावा तळहात उघडला की मूठ मिटते, मी लांब श्वास सोडतो आणि पाणी पितो.’ ते नुसते म्हणायचे नाही, मनात घडताना पाहायचे: काउंटर, रबरी शिक्क्याच्या शाईचा वास, डोक्यावरचा करकरणारा पंखा, उघडलेला तळहात, मिटलेली मूठ, पाण्याचा गार घोट. एका बैठकीत असे सात-आठ वेळा. साधारण दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मूठ आधी मिटली आणि माझ्या लक्षात नंतर आले.

स्वयंसूचनेचा प्रसार करणारे फ्रान्समधील नान्सीचे एमिल कुए आपल्या रुग्णांना वीस गाठी मारलेली दोरी देत आणि जपमाळेसारखी एकेक गाठ ओढत एकच वाक्य वीसदा पुटपुटायला सांगत. इच्छाशक्ती आणि कल्पना यांची गाठ पडली की कल्पनाच जिंकते, हे त्यांचे म्हणणे मला पटते. त्यांचे ‘रोज, सर्व बाबतींत मी अधिकाधिक बरा होत आहे’ हे वाक्य मात्र माझ्या कामाला आले नाही, कारण त्यात माझा तळहात नव्हता.

तुम्ही घरी आईशी तेलुगूत बोलता, असे लिहिले आहे. मग वाक्य तेलुगूत करून पाहा. कोणी शास्त्राने सांगितले म्हणून नव्हे, तर ज्या भाषेत माणूस स्वतःला दटावतो त्या भाषेतली सूचना लवकर आत उतरते, असे मी आपल्या पूर्व भागातल्या दोन मित्रांच्या बाबतीत पाहिले म्हणून.

अपेक्षाही बेताची ठेवा. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक कमी-अधिक असते. ती मोजण्याची स्टॅनफर्डची मोजपट्टी १९५९ पासून वापरात आहे, आणि तिच्यावर बहुतेक लोक मध्येच कुठेतरी येतात. हात आपोआप उचलला गेला नाही म्हणून सराव फसला असे मानू नका. धूम्रपान सोडण्याबाबत तर वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याने संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा नाही असेच म्हटले आहे. पहिल्या काही दिवसांची चिडचिड आणि बेचैनी निकोटीनची असते, ती वाक्याने जात नाही. मी डॉक्टरांना विचारून निकोटीनचे च्युइंगगम घेतले होते आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांकही आहे. आणि पहिल्या महिन्यात मी तीन वेळा खाल्ली, हेही सांगून टाकतो.

तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर हे सगळे बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडे जा. पूर्वी फिट येत असेल, भास होत असतील किंवा गंभीर मानसिक आजार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा सराव करू नका. लहानपणीच्या आठवणी उकरून काढण्याचा प्रयोग तर एकट्याने मुळीच नको. संमोहनात आठवलेले खरेच घडले होते याची खात्री नसते.

पंधरा हजार तूर्त खिशातच राहू द्या. येत्या तीन रात्री पहिली चिमूट किती वाजता, कुठे उभे राहून आणि कोणता हात आधी हलवून मळता, एवढेच कागदावर लिहा, आणि तुमचे वाक्य तयार करून इथे टाका. मी आणि इतर अनुभवी मंडळी ते सुधारून देऊ. तोवर डबी पँटच्या खिशात ठेवू नका. मी माझी स्कूटरच्या डिकीत ठेवत असे, आणि दुपारच्या उन्हात बँकेच्या मागच्या पार्किंगपर्यंत जाण्याचा कंटाळाही पुष्कळदा कामी आला.