वाचकांचे प्रश्न : सायकलवरून स्कान्नोकडे

प्रश्न : इटलीतील आब्रुत्सो प्रांतात सुल्मोना ते स्कान्नो हा रस्ता सामान लादलेल्या सायकलने एका दिवसात होईल का?

उत्तर : अवश्य होईल. अंतर सुमारे ३० किलोमीटर असले, तरी सुमारे ४०० मीटर उंचीवरून १,०५० मीटरपर्यंत चढायचे असल्यामुळे हलका गिअर हवाच. आन्व्हेर्सा या मध्ययुगीन गावानंतर रस्ता साजित्तारियो नदीच्या अरुंद घळीत शिरतो. तिथे मागचा दिवा लावूनच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. पुढे कड्यावर रचल्यासारखे व्हिल्लालागो हे गाव दिसते आणि मग प्राचीन काळी दरड कोसळून अडलेल्या पाण्याचे स्कान्नो सरोवर येते, जिथे घाई न करता तासभर तरी थांबावे.